लाल दोऱ्याचे दोन टाके

फोटोच्या धंद्यात तिला सगळे घार म्हणत. चाळीस वर्षांपूर्वी ती एका वर्तमानपत्रात नवीनच लागली होती. तिथे गर्दीच्या एका फोटोत तिनं पार मागच्या रांगेतल्या माणसाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण भिंगाशिवाय दाखवलं, आणि त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त पगाराच्या पाकिटावर उरलं.

पण घारीलाही वय चुकत नाही. पंचेचाळिशीत जवळचं गेलं, पंचावन्नला लांबचं, आणि एकसष्टाव्या वर्षी दोन्ही नंबर एकाच चष्म्यात येऊन बसले. वरून बघितलं की लांबचं, खालून बघितलं की जवळचं. जिना उतरताना मात्र पायरी दिसे एकीकडे आणि पाय पडे भलतीकडे. तिची नणंद म्हणायची, "मान खाली घालून उतर की जरा, वहिनी. आयुष्यभर घातली नाहीस, आता डोळ्यांसाठी तरी घाल."

नणंद निवृत्त नर्स होती. घारीचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. नणंदेनं लग्नच केलं नव्हतं. दोघी एकाच घरात राहत, एकाच पंख्यासाठी भांडत आणि एकमेकींची औषधं लक्षात ठेवत.

कामावर घारीनं चष्म्यावर तोड काढली होती. कॅमेऱ्याला डोळा लावायची जी खिडकी असते, तिच्याशेजारी एक बारीक चाक असतं. ते फिरवून आपला नंबर लावला की चष्म्याशिवाय आतलं स्वच्छ दिसतं. त्यामुळे चष्मा वर कपाळावर, डोळा खिडकीला, फोटो, चष्मा पुन्हा खाली, असं दिवसातून दोनशे वेळा चाले. तरीही मागच्या महिन्यात एका कारखान्याच्या फोटोंपैकी तीन धूसर निघालेच. मालक मोठ्या प्रेमानं म्हणाला, "ताई, आता घरी बसून नातवंडं खेळवा."

"नातवंडं नाहीत मला," घार म्हणाली. "आणि असती तरी यंत्रांचे फोटो नीटच काढले असते. उद्या येते." दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं तिन्ही फोटो पुन्हा काढून दिले. पण बोल लागायचा तो लागलाच होता, आणि तो आपल्या आधी गावभर पोचला असणार हेही तिला ठाऊक होतं.

म्हणूनच जुन्या रुग्णालयाचं काम आलं तेव्हा तिनं ते लगेच घेतलं. नवी इमारत बांधून झाली होती आणि जुनी सोमवारी पाडायला घेणार होते. व्यवस्थापक म्हणाले, "प्रत्येक खोलीचा एक फोटो हवा, दप्तरात ठेवायला. आहे तशी खोली. पण फोटो असा पाहिजे की खिळासुद्धा मोजता आला पाहिजे." शेवटचं वाक्य त्यांनी जरा जपूनच उच्चारलं. घारीनं ते ऐकलं आणि हसून म्हणाली, "खिळ्यांची यादीही देते."

गुरुवारी दुपारी ती तिथे पोचली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं किल्ल्या दिल्या, वीज तोडलेली आहे असं सांगितलं, आणि चार वाजता आपण कुलूप लावतो, असंही बजावलं. खालचा मजला तिनं दीड तासात उरकला. मग तिपाई खांद्यावर टाकून, मान खाली घालून, एकेक पायरी मोजत ती वर गेली.

वरच्या बाकी खोल्या उरकल्यावर टोकाचा बायकांचा डोळ्यांचा वॉर्ड तेवढा राहिला. लांबलचक खोली. एका भिंतीला सहा लोखंडी पलंग, समोरच्या भिंतीला सहा. गाद्या केव्हाच गेल्या होत्या, नुसत्या पट्ट्या उरल्या होत्या. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. फक्त टोकाच्या एका खिडकीची फळी निसटली होती आणि तिच्यातून उजेडाची तिरकी पट्टी जमिनीवर पडली होती. बाकी सगळा अंधार, पण पूर्ण नाही. डोळ्यांवर ओला फडका धरावा तसा. वाऱ्यानं कुठेतरी पत्रा वाजत होता... थांबत होता... पुन्हा वाजत होता. धूळ आणि कबुतरांचा वास तर होताच, पण त्याच्या खालून स्पिरिटचाही वास येत होता. बाटली आत्ताच उघडल्यासारखा ताजा.

घारीनं तिपाई लावली. असल्या अंधारात कॅमेऱ्याची झडप दहा-दहा सेकंद उघडी ठेवावी लागते. तिनं चष्मा कपाळावर चढवला, कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. आत बारा पलंग, एकेक पट्टी स्वच्छ. बटण दाबलं आणि दहा सेकंद वाट पाहत तिनं मान वर केली.

चष्मा अजून कपाळावरच होता. त्यामुळे समोर जे दिसायला हवं तेच दिसलं. पलंग म्हणजे करड्या धुराचे पुंजके, खिडकी म्हणजे दुधाचा डाग. कशालाच कड नाही. आणि त्या धुरात, खिडकीकडून तिसऱ्या पलंगावर, एक बाई उताणी निजलेली होती.

ती स्वच्छ दिसत होती.

घारीच्या मनात आधी आला तो आनंद, भीती नव्हे. हे तिनं पुढे नणंदेलाही लपवलं नाही. किती वर्षांनी उघड्या डोळ्यांना काहीतरी असं कोरून काढल्यासारखं दिसत होतं! बाईच्या डोक्याभोवती डोळे झाकणारी पट्टी होती, आणि तिच्या कापडाचे उभे-आडवे धागे वीस पावलांवरून मोजता येत होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पोटावर जुळवलेले हात. तहानलेल्यानं पाणी प्यावं तशी घार बघत राहिली.

मग झडप मिटल्याचा आवाज झाला. बाईनं मान किंचित तिच्या दिशेनं वळवली.

घारीनं चष्मा खाली ओढला. पलंग, पट्ट्या, धूळ स्वच्छ दिसली. माणूस नाही. चष्मा वर केला. बाई होती. डावा डोळा झाकून पाहिलं, उजवा झाकून पाहिलं. कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिलं तर पलंग रिकामा. नवीन भिंग तपासावं तशी ती स्वतःचे डोळे तपासत होती.

बाईचे ओठ हलत होते. आवाज मुळीच नव्हता. घार दोन पावलं पुढे गेली, तेव्हा ओठांवरचे शब्द वाचता आले. तेच दोन शब्द, पुन्हा पुन्हा.

"आलात का?... आलात का?..."

"नाही," घार हळूच म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "मी फोटोवाली आहे."

ओठ थांबले. मान पुन्हा सरळ झाली, दोन पिशव्यांच्या मधोमध. आणि थोड्या वेळानं ओठ पुन्हा सुरू झाले.

घारीनं सामान आवरलं, जिन्यापर्यंत चालत गेली, धावली नाही. पहारेकऱ्याच्या हातात किल्ल्या देऊन म्हणाली, "एक खोली राहिलीय. शनिवारी येते."

*

घरी नणंद भाजी चिरत बसली होती. घारीनं पाणी प्यायलं, समोर बसली आणि घडलं तसं सगळं सांगितलं. नणंद चिरता चिरता ऐकत होती. मध्येच म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन ये एकदा."

"डोळ्यांचा दोष असता तर धूसर दिसली असती, वन्सं. मला पट्टीवरचे टाकेसुद्धा दिसले."

"कसले टाके? पट्टीला टाके नसतात. पिन लावतात."

"हिला पिन नव्हती. उजव्या कानाच्या वर पट्टीचं टोक शिवलेलं होतं. लाल दोऱ्याचे दोन टाके."

सुरी थांबली. नणंदेनं ती अगदी हळू पाटावर ठेवली, जणू आवाज झाला तर कुणी जागं होईल. बाहेर रस्त्यावर सायकलची घंटा वाजली, ती दोघींनीही ऐकली.

"मी घातलेत ते," नणंद म्हणाली. "दोरा तिचाच होता."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. छत्तीस वर्षांपूर्वी नणंद त्याच वॉर्डात नर्स होती, आणि तिथे जुन्या रीतीनं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्याला आठवडाभर दोन्ही डोळे बांधून निजवत. डोक्याशी वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. ही बाई शिवणकाम करायची. एकटी होती. तिला पिनेची भारी भीती, झोपेत डोळ्यात जाईल म्हणायची. म्हणून नणंदेनं टोक टाक्यांनी शिवलं. तेव्हापासून ती दुसऱ्या कुणाला हात लावू देईना.

"मी तिला म्हटलं, तुमची पट्टी मीच सोडीन. मी येईपर्यंत हलू नका." नणंदेनं पदरानं तोंड पुसलं. "आणि मी तीन दिवस रजेवर गेले. रजेच्या तिसऱ्या दिवशी पट्टी सोडायची होती. दुसरी सिस्टर गेली तर हिनं तिचे हात धरले. त्या येऊ देत, म्हणाली. दुपारी पाहिलं तर... झोपेतच गेली होती. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. कुणाची चूक नाही. अगदी सरळ निजली होती म्हणे. इंचभर हलली नव्हती."

"मला कधी बोलला नाहीत."

"कशी बोलणार?" नणंद म्हणाली. "रजा तुझ्या लग्नाची होती, वहिनी."

घारीच्या लग्नाच्या फोटोंत ही नणंद प्रत्येक ठिकाणी हसत उभी होती. ते फोटो तिला पाठ होते.

घार उठली, अर्धवट चिरलेली भाजी स्वतःकडे ओढली आणि चिरायला लागली. "सोमवारी पाडताहेत," ती म्हणाली. "शनिवारी माझ्याबरोबर यायचं. तुमची कात्री घ्या, बारीक टोकाची."

"मला नाही दिसायची ती."

"मला दिसते. तुम्ही फक्त हात चालवा."

*

शनिवारी दुपारी दोघी जिना चढल्या. एकीचे गुडघे कुरकुरत होते, दुसरीला पायरी दिसत नव्हती. "धड असं एकच माणूस होतंय आपलं दोघींचं मिळून," नणंद म्हणाली. वॉर्डाच्या दारात मात्र ती थबकली. तिनं नाकानं हवा ओढली.

"स्पिरिट..." ती पुटपुटली.

घारीनं चष्मा काढून खिशात ठेवला. खोली विरघळली. नणंदसुद्धा विरघळली, पांढऱ्या साडीचा एक डाग होऊन. आणि तिसऱ्या पलंगावर ती बाई होती, तशीच, धाग्याधाग्यानं स्वच्छ. ओठ हलत होते.

"आहे?" नणंदेनं विचारलं.

"आहे. चला. माझा हात धरा."

पलंगाशी पोचल्यावर नणंदेनं नुसत्या लोखंडी पट्ट्यांकडे पाहिलं आणि अगदी कामावरच्या आवाजात म्हणाली, "बाई, मी आले. उशीर झाला."

ओठ थांबले.

"ऐकलं तिनं," घार म्हणाली. "वाका. अजून खाली. थोडं डावीकडे... तिथे. तिथे टाके आहेत."

कात्रीचं पातं हवेत मिटलं. पहिला टाका तुटला, दोऱ्याचं लाल टोक वर उभं राहिलेलं घारीला दिसलं. दुसरा तुटला. नणंदेची बोटं अडखळत पुढे आली आणि जागच्या जागी थांबली.

"वहिनी... हाताला लागतंय. कापड लागतंय."

"मग सोडा."

यानंतर घारीला काही सांगावं लागलं नाही. तीस वर्षांची नोकरी त्या हातांत होती. एक हात डोक्याखाली, दुसरा भोवती, पट्टी या हातातून त्या हातात. नणंद धुराचा पुंजका होती आणि तिच्या अदृश्य बोटांमधून ती पट्टी, एकेक धागा उजळ, सुटत चालली होती. डोळ्यांवरचे कापसाचे बोळे उचलले गेले. पत्रा वाजायचा थांबला होता.

बाईनं डोळे उघडले. आधी खिडकीकडे पाहिलं, फळी निसटली होती तिकडे. मग नणंदेकडे, बराच वेळ. तिनं हात पोटावरून उचलला, नणंदेच्या गालाला लावला, आणि मग ती कडांपासून विरत गेली. हळूहळू तीही धूसर झाली. खोलीतल्या बाकी सगळ्या गोष्टींइतकीच धूसर. आणि मग तिथे पलंगाच्या पुंजक्याखेरीज काही उरलं नाही.

"गेली," घार म्हणाली. "बघून गेली, वन्सं. तुमच्याकडे बघून."

नणंद अजून वाकलेलीच होती.

घारीनं डोळे पुसले, चष्मा चढवला आणि कामाला लागली. चार वाजायला आले होते आणि खोलीचा फोटो राहिला होता; गुरुवारचा हललेला निघाला होता. तिपाई लावताना तिनं एकदा मागे पाहिलं. नणंद शेजारच्या पलंगापाशी सरकली होती. तिचे हात अजून हवेत फिरत होते, जरा खालच्या उंचीवर, या हातातून त्या हातात, आणि ती तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. फिरू देत, घारीला वाटलं. छत्तीस वर्षांचं ओझं एका पट्टीनं थोडंच उतरतं? तिनं नणंदेला वेळ दिला. खालून पहारेकऱ्याची हाक आली तेव्हाच म्हणाली, "वन्सं, जरा बाजूला व्हा, फोटो घेते. मग निघू."

फोटो उत्तम आला. बारा रिकामे पलंग, प्रत्येक पट्टी, प्रत्येक खिळा.

*

संध्याकाळी तिनं सगळे फोटो पाठवून दिले. दिवे लागायच्या सुमाराला व्यवस्थापकांचा फोन आला. "ताई, मानलं तुम्हाला. अहो, भिंतीवरचे पोपडे मोजता येतात!" पुढच्या वर्षीचं कामही त्यांनी तिथेच सांगून टाकलं. घारीनं फोन ठेवला आणि ऐटीत स्वयंपाकघरात आली. नवा चष्मा, जुना चष्मा, काढलेला चष्मा, कसाही असो, अजून दहा वर्षं तरी आपण हे काम करणार याबद्दल तिच्या मनात आता शंका नव्हती.

नणंद चहा करत होती. डाव्या हातानं. साखर अर्धी ओट्यावर सांडली होती. उजवा हात तिनं अंगालगत खाली सोडलेला होता, एक बोट पुढे काढून.

"हात दुखतोय का?" घारीनं विचारलं.

"नाही." नणंदेनं गॅस बारीक केला. "वहिनी, तिथे तुला एकच दिसली होती ना?"

"एकच. का?"

"मला दोन पट्ट्या सोडाव्या लागल्या."

घार हसायला गेली, पण हसू आलं नाही.

"दुसरी शेजारच्या पलंगावर होती," नणंद अगदी हळू आवाजात म्हणाली. "जाताना माझी मूठ कशाला तरी घासली. चाचपून पाहिलं तर कापड. पिन होती त्याला. डोकं लहान होतं, माझ्या एका पंज्यात मावलं. वॉर्ड बायकांचा होता गं, मुलं नसायची तिथे... कधीच नसायची. पण हाताला लागल्यावर तशी कशी ठेवू? सोडली मी."

"मी तेव्हा चष्मा लावला होता..." घार म्हणाली.

"हो. म्हणून तुला काही विचारलं नाही. वाटलं, झालं की जाईल. ती गेली तशी."

चहा उकळून वर आला. दोघींपैकी कुणीच हात पुढे केला नाही. चहा उतू जाऊन ज्योत विझली आणि स्वयंपाकघर एकदम शांत झालं.

"मग?" घारीनं विचारलं.

"मग त्यानं माझं बोट धरलं."

घारीनं नणंदेच्या उजव्या हाताकडे पाहिलं. पुढे काढलेलं ते एक बोट मुळाशी जरा पांढरं पडलं होतं. फरशीपासून जेमतेम दोन फुटांवर, ते खालच्या बाजूला किंचित ओढलेलं होतं. चष्म्यातून एवढंच दिसत होतं.

घारीनं पुढे होऊन गॅसचं बटण बंद केलं, पाठ ओट्याला टेकवली आणि चष्म्याच्या काडीला हात घातला. आयुष्यात बघायचं तिनं कधी टाळलं नव्हतं.

नणंदेनं डाव्या हातानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"काढू नकोस, वहिनी," ती कुजबुजली. "आत्ताच झोपलंय."